दहा घरांत वाटलेलं पीठ

मालनबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते रेशनकार्डाच्या भांडणात. एका कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही चाळीस बायका बसलो होतो आणि साहेब मागच्या दारानं जेवायला निघाले होते. ही बाई उठली, त्या दारात जाऊन आडवी बसली आणि म्हणाली, "जावा की. वलांडून जावा." साहेब मुकाट्यानं परत खुर्चीत. त्या दिवसापासून मी तिला माझ्या माणसांत धरलं.

मांडवगण फराट्याच्या पुढं, नदीकडच्या एका वाडीत तिचं घर. वाडीचं नाव लिहीत नाही, तिला तिथंच राहायचं आहे. नवरा आनंदराव गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. पोटाला एकच लेक, प्रतिभा. दीड एकर रानात कांदा केला, लोकांच्या उसात खुरपलं, दोन म्हशी पाळल्या आणि पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. पोरगी सणसवाडीला कंपनीत लागली. तिथंच शेजारच्या मशीनवरच्या ज्ञानूशी तिनं लग्न केलं. जात वेगळी. कुठली ते सांगत नाही, सांगितली की लोक तेवढीच वाचतात.

भावकीनं आरडाओरडा केला नाही. बोलणं बंद केलं नाही. कुणी न ठरवता एक ठरून गेलं, की प्रतिभा येईल ती एकटी. नऊ वर्षं ती अशीच यायची, दिवाळीला, पंचमीला, सालात चारेक वेळा, दोन दिवस राहून जायची. सासूनं जावयाला आपल्या घरात एकदाही ताट वाढलं नव्हतं.

चैत्रात वाडीच्या भैरोबाची यात्रा असते. दुसऱ्या दिवशी सगळ्या भावकीची मटणाची पंगत. मालनबाईचं धरून घरं अकरा, दरसाल एका घराची पाळी. म्हणजे एकदा पाळी झाली की पुढची अकरा वर्षांनी. यंदा मालनबाईची होती.

"पुढल्या पाळीला मी असन का नसन," ती मला म्हणाली. "ज्ञानूला एकदा माझ्या पंगतीला बसलेला बघायचाय. मग मेले तरी चालतंय."

मी म्हणाले, "बघायचाय काय? बसवायचाच."

आमच्याकडं आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी माणूस म्हणजे घरातलं एक कुणी जेवायला येणार. चूलबंद म्हणजे अख्खं घर, त्या दिवशी त्यांनी चूल पेटवायचीच नाही. लेकीला आजवर एकटीचं बोलावणं जायचं. मी सांगितलं, यंदा प्रतिभाला चूलबंद दे. मग ज्ञानू आला, नात समृद्धी आली. कुणाच्या बापाची हिंमत आहे?

भावकीत वडीलधारे बबनराव, आनंदरावांचे चुलतभाऊ. त्यांच्या कानावर घालायला आम्ही दोघी गेलो. मालनबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आबा, लेकीला चूलबंद सांगतीय."

बबनरावांनी चष्मा पुसला. "लेक हाय, यील की. चूलबंद कशापायी?"

"जावई हाय त्यो माझा."

"तुझी पाळी, तुझं घर. मी कोण सांगणारा?"

बाहेर आल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली. "झालं! नाही म्हणाले नाहीत."

ती म्हणाली, "व्हयबी म्हणालं न्हाईत."

सणसवाडीला आवतण द्यायलाही मी बरोबर गेले. दहा बाय दहाची खोली. बोलले मीच. प्रतिभा आईकडं बघत राहिली.

पुढचे पंधरा दिवस बाई थांबली नाही. बोकडं बघायला आम्ही पूल ओलांडून दौंडच्या बाजाराला गेलो. ती कण्यावरून बोटं दाबत जायची आणि विकणाऱ्याला म्हणायची, "ह्याला पाणी पाजून फुगवलाय, माझ्यासारख्या म्हातारीला गंडिवतो व्हय रं?" मिरची-खोबरं तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून आणलं, मसाला डंकाच्या गिरणीत समोर उभं राहून कुटून घेतला. देवळातली मोठी पातेली चिंचेनं घासली. आचारी नको म्हणाली. "माझ्या हातची चव जावयाला कवा कळायची?"

राहिल्या भाकरी. दीड-दोनशे माणसांच्या भाकरी एका घरात होत नाहीत. रीत अशी, की आदल्या सांजेला ज्याची पाळी त्यानं घरोघर बाजरीचं पीठ द्यायचं आणि सकाळी त्या त्या घरच्या बायकांनी भाकरी थापून टोपल्या आणून द्यायच्या. पीठ घेतलं म्हणजे पंगत मान्य. ज्याला रुसायचं असतं तो पीठच घेत नाही.

दहाच्या दहा घरांनी पीठ घेतलं. बबनरावांच्या मालकिणीनं तर वर विचारलं, "आजून एक शेर टाका की, पोरं लई हायती." मी घरी फोन करून सांगितलं, जिंकलो.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानू सकाळीच प्रतिभाला आणि समृद्धीला घेऊन आला. नवा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. आल्या आल्या बाह्या सारून पाणी भरायला लागला. नऊला टोपल्या यायला हव्या होत्या. एरवी बायका टोपली ठेवून तिथंच बसतात, कांदा चिरतात, खिदळतात. कुणी आलं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मटण शिजलं, रश्श्यावर तेलाचा तवंग आला. मांडवात पत्रावळ्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रतिभानं त्यांवर खडे ठेवले.

बारा वाजता माझं डोकं फिरलं. मी बबनरावांच्या ओट्यावर गेले.

"आबा, भाकरी कुठायत?"

"बायकांचं काम ते, ताई. बसा, पाणी घ्या."

"आणि जेवायला कधी येताय?"

"भूक न्हाई अजून. ऊन किती हाय."

"हा बहिष्कार आहे. कायदा आहे याच्यावर, जेल आहे."

ते शांतपणे म्हणाले, "कुणी घातला? पीठ माघारी दिलं का कुणी? वाकडं बोललं का कुणी? नाव सांगा, मी त्याचा कान धरतो."

कलमं मला पाठ आहेत, पण त्यांत भूक नसल्याचं कलम नाही.

मालनबाईनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणाले, चल, आत्ता चौकीत जाऊ.

"अर्जात काय लिवशील? भाकरी थापली न्हाई?"

तिनं फडताळातून डबा काढला. पातेल्यात पळी घालून नळ्या वेचल्या, डब्यात भरल्या, वरून रस्सा घातला. मग लेकीला म्हणाली, "एकची जीप गाठा."

"आये, जेवून जातो की. भाकरी मी थापते चार."

"घरी जा. उन्हाचं आंबतंय, आधी हुंगून बघ, तसंच पोरीला घालू नगंस."

मी दारात आडवी उभी राहिले. "मालनबाई, साहेबाला अडवणारी बाई तू! आज ह्यांना भ्यालीस?"

"साहेबाचं त्वांड मला दुसऱ्या दिशी बघायचं नव्हतं, सविता. मला ह्यांच्यात मरायचंय. पोटाला ल्योक न्हाई. तू येणार हायस का उचलायला?"

ज्ञानूनं तिच्या हातातून डबा घेतला, वाकून पाया पडला आणि समृद्धीला कडेवर घेऊन चालायला लागला.

जीप वळणावर दिसेनाशी झाली. दहा मिनिटं गेली असतील. बबनरावांची मालकीण टोपली घेऊन आली, मागोमाग दुसरी, तिसरी. मी फडकं उचलून भाकरीला हात लावला. गार होती, कडा वाळलेल्या. सकाळीच थापून झाकून ठेवलेल्या होत्या. दहाच्या दहा घरांत.

पंगत बसली. बबनराव म्हणाले, "मालन, रश्श्याला चव आलीय बरं का." मालनबाई पळी घेऊन वाकत वाकत वाढत होती, "घ्या की आजून, लाजू नगा" म्हणत होती. मी मांडवात उभी राहून दीडशे माणसांना शिव्या घातल्या. एकजण सरकला आणि मला बसायला जागा केली. मी जेवले नाही, एवढंच काय ते मी केलं.

पंचमी झाल्यावर मी सणसवाडीला गेले. मनात होतं, प्रतिभाच्या नावानं नीट तक्रार करू, पेपरात देऊ. ती भात लावत होती.

"पंचमीच्या आदी आयचा फोन आला," ती म्हणाली. "म्हणाली, यंदा यीऊ नगंस. आबा म्हणत्यात, आता एकटीबी नको, त्या दिवसापास्नं समद्यांच्या डोळ्यावर आलंय."

"म्हणून तर लढायचं."

"मावशी, वर्षातनं चारदा मी तिच्या हातचं खात हुते. रात्री तिच्याशेजारी निजत हुते. त्ये गेलं."

"आणि ज्ञानूचा मान? नऊ वर्षं—"

"त्यांनी मागितला हुता? तुमी इचारलं का त्यांना कवा?"

नव्हतं विचारलं. कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला. ज्ञानूची कंपनीतली पहिली पाळी सुटायच्या बेतात होती. ते यायच्या आत निघा, ती म्हणाली.