सवडीने या

आमच्या उत्तराच्या टेबलावर कधी कागद दिसत नाही. आमचं ऑफिस कॉलेज रोडला, घरच्या पेशंटसाठी ऑक्सिजनची मशीन भाड्याने देणारं. तिथे कामांची वाटणी ती करते. तक्रारीचा फोन आला की स्क्रीनवर कार्ड तयार होतं आणि ती ते तीनपैकी एका रकान्यात टाकते: तातडीचे, आजचे, सवडीने. दुरुस्तीवाल्यांच्या मोबाइलवर कामं त्याच क्रमाने जातात. हा क्रम तिनेच बसवलेला, आणि त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मला ही शिस्त डोक्यात जायची, पण तिच्यामुळे गोंधळ थांबला हे कबूल करायला हवं.

नियम एकच होता. माणूस सांगेल तेवढी घाई.

मागच्या मार्चमध्ये एका सकाळी हरसूलहून मालनबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान सावळीराम दोन वर्षांपासून आमच्या मशीनवर. मशीन कसलासा आवाज करतंय, एवढंच त्यांनी सांगितलं आणि सवडीने या म्हणून फोन ठेवला. उत्तराने कार्ड तिसऱ्या रकान्यात टाकलं. त्याच दिवशी गंगापूर रोडच्या एका गृहस्थांनी मशीनचं चाक करकरतं म्हणून चार फोन करून ऑफिस डोक्यावर घेतलं. ते पहिल्या रकान्यात गेले.

दुपारी आमचा दुरुस्तीवाला संतोष यादी बघत होता. तो मूळचा देवळ्याकडच्या खेड्यातला. मालनबाई नेमकं काय म्हणाल्या, असं त्याने उत्तराला विचारलं. ते ऐकल्यावर त्याने बॅग उचलली आणि गाडीत दुसरं मशीन टाकायला सांगितलं. आधी चाकाचं काम, ती म्हणाली.

"मॅडम, आमच्याकडची माणसं मुद्दाम फोन करून सवडीनं या म्हणतात, तेव्हा ती टेकीला आलेली असतात."

तो हरसूलला पोचला तेव्हा मशीन केव्हाच बंद पडलेलं होतं. जोडीचा छोटा सिलिंडर संपत आला होता आणि सावळीराम दारात वाकून बसले होते, ओठ निळे. नवं मशीन लागलं, ते वाचले. संतोषने फोनवर हे सांगितल्यावर उत्तरा उठून जिन्यात गेली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझा तिच्यावरचा राग तिथेच संपला.

नंतर तिने मालनबाईंना फोन लावला आणि नीट का सांगितलं नाही म्हणून विचारलं.

"तुमी कामातली मानसं, ताई. आमच्यासाठी धावत या, असं कसं म्हनायचं?"

दुसऱ्या दिवशी 'सवडीने' हा रकाना स्क्रीनवर पहिला आला. त्यातल्या माणसाला आधी उलटा फोन जातो: मशीन काय करतंय, पेशंट झोपलाय की बसलाय. नवीन मुलं हा उलटा क्रम बघून हसतात. उत्तरा त्यांना समजावत बसत नाही.

गेल्या महिन्यात मालनबाईंचा पुन्हा फोन आला. मशीन आता घेऊन जा, त्या म्हणाल्या, सवडीनं या.

उत्तराने काही विचारलं नाही. पहिल्या रकान्यात कार्ड टाकलं. दुरुस्तीवाल्याच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि संतोषला गाडी काढायला सांगून ती निघाली.