विटांवरची जीप

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. भूतखेत, चमत्कार यातलं मी काहीच मानत नव्हतो. मानायचो ती फक्त दुपारची झोप!

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ... आणि मी निलंग्याकडच्या एका ठाण्यात फोनवर बसवलेला हवालदार. लोकांना वाटायचं, नवा जिल्हा म्हणजे पोलिसांना नव्या गाड्या. टँकर आला नाही — लाव फोन. म्हैस हरवली — लाव फोन. इकडे आमची एकुलती एक जीप महिनाभर आवारात विटांवर उभी, चारही चाकं उतरवलेली. पण तसं सांगितलं की शिव्या बसायच्या. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायचो, "निघाली गाडी."

त्या दुपारी एका खेड्याच्या पोस्टातून फोन आला. "सायेब, टँकरचं पाणी हिरीत सोडलं... रेटारेटीत बाई पडली आत. पोटुशी हाय. दोर पुरंना, लवकर या!"

"निघाली गाडी," जांभई देत म्हणालो आणि फोन ठेवला. मग डोक्यात शिरलं — पोटुशी बाई! उलट फोन लावला, लागेना. साहेब दौऱ्यावर. सायकल काढली. नऊ मैल... उन्हात दोनदा पडलो.

पोचलो तर बाई लिंबाखाली घोंगडं पांघरून चहा पीत बसली होती!

एक म्हातारबा म्हणाले, "आता कशाला आलाव? तुमची जीप येऊन गेली की."

"आमची? कोण होतं?"

"दोघं पोलीस. दोर सोडला, वर काढलं, गेले. जीप लई तापली व्हती. म्या घागरभर पाणी ओतलं तिच्यात. बायकांनी मला लई शिव्या घातल्या."

परतलो ते थेट जीपपाशी. विटा तशाच, चाकं अजून उतरवलेलीच. बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण फिरवलं. महिनाभर कोरडाठाक होता... आता पाणी काठोकाठ!

ड्रायव्हर गफूरभाईंना दरडावलं, "हे तुम्ही भरलं?"

"मियाँ, घर में नमाज के वजू को पानी नै, जीप को कौन पिलाता?"

शेजारच्या ठाण्यांत विचारलं. त्यांच्याकडून कुणी गेलं नव्हतं. गफूरभाई आजही मला म्हणतात, पाणी तूच ओतलंस आणि गोष्ट रचलीस. माझा संशय त्यांच्यावर, त्यांचा माझ्यावर. मला पक्कं ठाऊक आहे ते एवढंच — ती बाई माझ्या भरवशावर असती, तर मी पोचून फक्त पंचनामा केला असता.