ओट्यासमोरचा संडास

भोकरदनच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती आणि माझी माय माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेत होती. "बेतानं पी. रस्त्यात कुठं जाशील?" नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडणाऱ्या पोरीला तिनं केलेला उपदेश एवढाच. पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पोट साफ करायच्या चूर्णाचा डबा. मला रडू येत होतं आणि तहानही लागली होती.

आमच्या धावडा गावातल्या मावश्यांनो, काकूंनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, घर सोडल्याच्या आठवणी सांगायला बसले आणि विषय काढला तो हा, म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण आम्हा मायलेकींचं बारा वर्षांचं फोनवरचं बोलणं याच विषयाभोवती फिरलं. कशी आहेस विचारलं की उत्तर यायचं, "कोठा साफ झाला न्हाई." रोज झालंच पाहिजे, नाही तर घाण अंगात भिनते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी इकडून शहाणपण शिकवायचे, पाणी पी, पपई खा. पगार झाला की ऑनलाइन नवं चूर्ण पाठवायचे आणि लेकीचं कर्तव्य केल्याच्या समाधानात शिफ्टला जायचे.

गेल्या वर्षी भावाचा फोन आला. मायला जुलाब लागले होते, थांबत नव्हते, लुगडी खराब होत होती. मी म्हणाले, मेडिकलमधून बंद व्हायची गोळी आण. तीन दिवस त्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी पोट फुगून घट्ट झालं, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा भावानं तिला जालन्याला नेलं. मीही मिळेल त्या गाडीनं पोहोचले.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "हे जुलाब नाहीत. आत जुना मळ अडकलाय, त्याच्या कडेनं पातळ झिरपतंय. बंद करायच्या गोळीनं आणखी अडकलं. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं." दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी ते ऐकलं. आपण फोनवरून आपल्याच मायला मारायला निघालो होतो.

दोन दिवसांनी ती उठून बसली, तेव्हा बाई निवांत बोलल्या. रोज झालंच पाहिजे असा नियम नाही, कुणाला एक दिवसाआडही बरोबर असतं. खडा होणं, कुंथावं लागणं, आठवड्यातून तीनदाही न होणं, याला बद्धकोष्ठ म्हणायचं. आणि वर्षानुवर्षं मनानं चूर्ण घेत बसण्यापेक्षा कारण शोधायचं. मग त्यांनी मायला विचारलं, "लागल्यावर लगेच जाता ना?" मायनं पदर तोंडाशी धरला. "समोर माणसं असतेत," म्हणाली.

माणसं म्हणजे माझे थोरले काका, तिचे मोठे दीर. आमच्या घरी संडास बांधला तो अंगणात, ओट्याच्या अगदी समोर. ओट्यावर काकांची खुर्ची, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. मोठ्या दिरासमोरून सुनेनं तिकडे जायचं नाही, अशी रीत. संडास नव्हता तेव्हा बाया उजाडायच्या आत शेताकडे जायच्या. संडास आला, मायची वेळ तीच राहिली. दिवसभर लागलं की दाबायचं. दाबून दाबून लागणंच कमी झालं. मी त्याच घरात वाढले, तेच केलं, आणि तरी पपई सांगत राहिले. अजूनही कंपनीत वॉशरूमच्या बाहेर पुरुष गप्पा मारत उभे असले की मी परत फिरते.

तिला पुण्याला चल म्हणाले, तर म्हणाली, "तुझ्या फ्लॅटात तर संडासाचं दार हॉलातच उघडतं. तिथं जावई बसतेत." मग धावड्याला जाऊन मी काकांसमोर बसले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते पेपरातच बघत होते. शेवटी म्हणाले, "मला आजपोत्तर कोनी बोललंच न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची अंगणाकडे पाठ करून होती. माय मात्र महिनाभर उजाडायच्या आतच जात राहिली. इतक्या वर्षांची लाज खुर्ची फिरवून कशी जाणार?

मागच्या रविवारी भरदुपारी आम्ही फोनवर बोलत होतो. मागून काकांचा खोकला ऐकू येत होता. बोलता बोलता माय म्हणाली, "ठेव आता जल्दी. मला लागलंय." फोन बंद करायलाही ती थांबली नाही. तिच्या चपलांचा आवाज अंगणातून गेला, मग कडी वाजली, आणि मी फोन कानाला लावून रडत बसले. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आधी गाव सांगायचे, मग फ्लॅटचा पत्ता. आता मला वाटतं, बाईला लागलं की उठून जाता येतं, ते तिचं घर. माझ्या मायला ते लग्नानंतर चाळीस वर्षांनी मिळालं.