उजवीकडे न वळणारी जीप

जावयावर रागावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि माझ्या ब्लडप्रेशरचं ते एकमेव कारण आहे.

मी अमरावतीला असतो. धाकटी बहीण अकोल्याला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक विषयातले तज्ज्ञ झाले. माझ्याकडे एक जुनी फोर-बाय-फोर जीप आहे. पावसाळ्यात शेतातल्या काळ्या मातीत दुसरी गाडी उतरतच नाही. हौसेनं मी तिला रुंद टायर चढवले आणि तेव्हापासून जरा वेग घेतला की स्टेअरिंग हिवताप भरल्यासारखं थरथरायला लागलं. मूर्तिजापूरपर्यंत गेलो तरी उतरल्यावर चहाचा कप हातात धरवत नसे. आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणायची. मधूनच खड्डा आला, की रामाच्या जागी माझं नाव यायचं (आणि भाव तेवढा भक्तीचा नसायचा).

अशात भाची मनूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. कार्यक्रम बाळापूरला, मुलाकडे. मनूनं हट्ट धरला की ती मामाच्या जीपमधूनच जाणार. लगेच भाऊजींचा फोन आला. गाडीला स्टेअरिंग स्टॅबिलायझर बसवल्याशिवाय नवरी तिच्यात बसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

स्टॅबिलायझर म्हणजे दिसायला सायकलचा पंपच. एक टोक गाडीच्या अॅक्सलला, दुसरं स्टेअरिंगच्या दांड्याला. चाकं थरथरायला लागली की तो ती थरथर पोटात घेतो. मी अमरावतीच्या दुकानात जाऊन एक साधा, तेलाचा, काळा स्टॅबिलायझर निवडला. भाऊजींनी व्हिडिओ कॉल लावून तो नामंजूर केला. त्यांना गॅसवाला हवा होता, आणि लाल. मुलाकडच्यांनी वाकून पाहिलं तर चांगला दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. साक्षगंधाला गाडीखाली कोण वाकून पाहतं, हे मी विचारलं नाही. लाल घेतला, घरी आलो आणि भाजीत मीठ नाही म्हणून बायकोवर ओरडलो. मीठ होतं.

बसवायचं काम आदल्या दिवशी अकोल्याला, भाऊजींच्या दारात झालं. म्हणजे मी गाडीखाली पाठीवर आणि भाऊजी प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांच्या हातात मोबाइल, माझ्या तोंडात माती. चाकं सरळ असताना पंपाचा दांडा अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला पाहिजे, म्हणजे गाडी दोन्हीकडे वळते, एवढं मला कळत होतं. तसं मी म्हटलंही.

भाऊजी वरून म्हणाले, "अर्धवट काम मले आवडत नाई, साळेबुवा. पूर्ण ओढा."

मी पूर्ण ओढला. इतका संतापलो होतो की त्यांच्यावर काढता न आलेला सगळा राग नटावर काढला. तो नट मी असा आवळला, की पाना वाकायचा राहिला.

ट्रायल भाऊजींनीच घेतली. दारातून डावीकडे, पुन्हा डावीकडे, असा घराला वळसा घालून आले आणि म्हणाले, लोणी.

दुसऱ्या दिवशी बहीण पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या गाडीनं पुढे गेली. माझ्या जीपमध्ये आई, बायको, भाऊजी आणि नटूनथटून बसलेली मनू. कॉलनीच्या तोंडाशी उजवीकडे वळायचं होतं. स्टेअरिंग फिरवलं, ते थोडं फिरलं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबलं. दांडा आधीच पूर्ण बाहेर होता, आणखी कुठे जाणार? डावीकडे मात्र गाडी हवी तेवढी वळत होती.

उतरून नट काढू म्हटलं तर पाने घरी राहिलेले, आणि घराची किल्ली बहिणीबरोबर पुढे गेलेली. भाऊजी म्हणाले, त्यात काय, उजवीकडे जायचं तर डावीकडून फिरून जाऊ. तसे गेलो. चौक आला की डावीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, असं करत एकदाचे हायवेला लागलो. एका पानठेल्यावरून इतक्यांदा गेलो, की तो माणूस आम्हाला हात करायला लागला. मुहूर्त जवळ येत होता, बहिणीचे फोन येत होते, आई रामरक्षेत होती आणि मी दात आवळून गाडी हाकत होतो.

बाळापुरात हॉल समोर दिसला, पण रस्त्याच्या उजव्या हाताला. तिथे खांद्यावर उपरणं टाकलेले एक गृहस्थ उभे होते. गाड्या लावून देणारा हॉलवाल्याचा माणूस असावा. ते हसत हसत मला हातानं उजवीकडे वळायला सांगत होते. मी मान हलवली. ते आणखी जोरात हात करू लागले, जवळ आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "इकडे घ्या ना जी, उजवीकडे."

कित्येक दिवसांचा राग होता. सगळा त्यांच्यावर सांडला.

"दिसत नाई का तुमाले? वळत नाई ते! तवापासून हात हलवून राह्यले. रस्त्यात उभं राहून लोकायले अक्कल शिकवाले कोनं ठेवलं तुमाले इथं?"

मनूनं मागून "मामा" म्हटलं. मी तिला मधात बोलू नको म्हणून दटावलं. बायकोनं चिमटा काढला. मी तिलाही गप्प केलं. भाऊजी तर आधीच गप्प होते. हा माणूस गप्प कधी होतो, एवढं जरी मी मनात आणलं असतं, तरी थांबलो असतो. मी बोलतच राहिलो. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मनू उतरून त्या गृहस्थांच्या पाया पडली.

ते मुलाचे वडील होते. पोरगी पाहायच्या कार्यक्रमाला मी नव्हतो, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

 हे लग्न आता मी मोडलं, एवढंच डोक्यात आलं. त्यांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला, खाली वाकून तो लाल स्टॅबिलायझर पाहिला आणि आपल्या गाडीतून पाने आणवले.

"मामा," ते म्हणाले, "आधी हे काढू. बाकीचं मंग सांगजा, मी ऐकतो."

मी पांढऱ्या कुर्त्यानं गाडीखाली शिरलो. आदल्या दिवशी आवळलेला नट सुटता सुटेना. शेवटी व्याही उपरणं काढून माझ्याशेजारी आडवे झाले. आम्ही दोघांनी मिळून नट फिरवला.  भाऊजी वरून सांगत होते की नट उलटा फिरवा.

साक्षगंध झालं. थोडं उशिरा, पण झालं. व्याही घरी जाऊन कपडे बदलून आले. माझ्याकडे दुसरा कुर्ता नव्हता. पुढे टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करून घेतली आणि थरथर आपसूक गेली.

आता बाळापूरला कुणी अल्बम पाहिला, की तो मातीनं भरलेला माणूस कोण, असं विचारतं. मनूची सासू सांगते, जीपचा ड्रायव्हर. मी समोर बसलेलो असलो तरी दुरुस्त करत नाही. मनूचा मामा म्हटलं की त्या दिवशी मी काय काय बोललो, ते सगळ्यांना आठवतं.