मायच्या वचनाचा पत्ता

देवाच्या नावावर मी माझ्या मायला खोटं सांगितलं होतं.

आज तिचा स्मृतिदिन. ती गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते. आता माझे दोन्ही गुडघे बदलून झालेत, तरी हे कुणाला सांगितलेलं नाही.

साठच्या दशकातलं, मध्य प्रदेशातलं बालाघाट. आमचं मराठी ख्रिस्ती घर, मूळचं भंडाऱ्याकडचं. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, आणि माय म्हणायची, "देव मराठीत बोलला तरच मले समजते."

तिला अक्षरओळख नव्हती.

रोज सकाळी बाबा चुलीजवळ पाटावर बसून तिला पवित्र शास्त्रातलं एक वचन वाचून दाखवायचे. काल जिथं थांबले, तिथून पुढचं. वाचून झालं की माय विचारायची, "पत्ता?"

पत्ता म्हणजे पुस्तकाचं नाव, अध्याय कितवा, ओळ कितवी. तो ऐकल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही.

मग दिवसभर राइस मिलमध्ये तांदूळ निवडताना ते वचन मनात घोळवत राहायची. संध्याकाळी चेहरा बघावा तिचा! "आज देव माह्याशी बोलला," म्हणायची.

बाबा काविळीनं गेले. मी दहा वर्षांची. वाचायचं काम माझ्यावर आलं.

"ज्यानं बाबाले नेलं, त्याचं काहून वाचू?"

"तू वाच वं. त्याच्याशी काय भांडाचं ते मी भांडीन."

एके दिवशी वचन निघालं ते नुसत्या नावांचं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा. माय चूल फुंकता फुंकता रडत होती. धुरानं, म्हणे. लाकडं तर वाळलेली होती.

मला शाळेला उशीर होत होता. दया वगैरे काही नाही, मी वैतागले होते. समोर बाबांचा रिकामा पाट दिसला आणि तोंडातून निघून गेलं,

"जी एकटी राहिली, तिच्या चुलीपाशी मी येऊन बसेन, असे परमेश्वर म्हणतो."

'असे परमेश्वर म्हणतो' हेसुद्धा मीच चिकटवलं. खरं वाटावं म्हणून.

माय रडायची थांबली.

"पुन्हा वाच."

पुन्हा 'वाचलं'.

"पत्ता?"

"संध्याकाळी सांगीन," म्हणून दप्तर घेऊन पळाले.

संध्याकाळी आले तर पाट धुऊन-पुसून चुलीजवळ मांडलेला. मी बसायला गेले.

"तेथं नोको बसू. ते त्याची जागा हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी पाट मांडला जायचा. माय त्याच्याशेजारी भाकरी थापायची आणि हळू आवाजात बोलत राहायची. पोरीचं गणित कच्चं आहे. आज भात करपला. तिच्या बाबाची लई आठवण येते.

तिचं रडणं थांबलं होतं. आता खरं कोणत्या तोंडानं सांगू?

पत्ता विचारला की मी काहीतरी निमित्त काढायचे. शेवटी ती म्हणाली, "तू नाही सांगत, तं मीच शोधीन."

आणि खरंच, चर्चच्या पाळकबाईंकडे रविवारच्या उपासनेनंतर पाटी घेऊन बसायला लागली. पस्तिशीची बाई, लहान पोरांत बसून बाराखडी गिरवायची. मग शास्त्र काढलं. पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून.

दुसऱ्या कुणाची आई असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

पुढे मी नर्सिंगला नागपूरला गेले. तिची पत्रं यायची, मोठ्ठ्या वाकड्या अक्षरांत. शेवटी एकच ओळ, "वचन अजून नाही सापडलं. पत्ता धाडजो."

मी उत्तरात मेसच्या जेवणाबद्दल लिहायचे.

मग तार आली. माय सिरियस.

गोंदियाहून बस पकडली. वाटेतलं राजेगाव येईपर्यंत वाक्य तयार केलं होतं. माय, ते वचन शास्त्रात नाही. मी बनवलं. मला माफ कर.

घरी पोचले तर अंगणात बाया बसलेल्या होत्या.

उशीर झाला होता.

तिच्या उशाशी शास्त्र होतं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात, तेच वचन. आणि खाली पत्ता.

सुमन, अध्याय १, ओळ १.

सुमन मीच.

कधी कळलं तिला? पत्रात का नाही लिहिलं? मी तिथंच खाली बसून ओरडून रडले.

शेजारच्या काकूंनी मला जवळ घेतलं. "तीन रोजपासून तिले उठता येत नव्हतं, पोरी. तरी आज सकाळी मले म्हणे, बाई, तेवढा पाट मांडून दे."

मी चुलीकडे पाहिलं. पाट होता.

गेल्या वर्षी आमचे हेही गेले. आज सकाळी पहिल्यांदाच मी ओट्याजवळ पाट मांडला. नात म्हणाली, "नानी, यहाँ कौन बैठेगा?"

चहा होईपर्यंत मी त्या पाटाशेजारी बसून होते, आणि एकटी नव्हते.

माय, पत्ता धाडायला फार उशीर केला गं. माफ कर.

तुझी सुमी