कारण न विचारता

वडशाच्या आमच्या बँकेत एक ठेकेदार चपला दाराबाहेर काढून येतो.

"देऊळ नाई हे, भाऊ," शिपाई चिडवतो.

"देव एवढे कागद कुठी मांगते!"

त्याच्या पुलाच्या कामासाठी आम्ही सरकारी कार्यालयाला बँक गॅरंटी दिली होती, म्हणजे काम झालं नाही तर पैसे बँक देईल असा शब्द. जंगलातून रस्ता काढायची परवानगी आली नाही, काम रखडलं, आणि कार्यालयानं गॅरंटीची रक्कम मागितली. अशा वेळी बँकेनं कारण न विचारता पैसे द्यायचे असतात. मी सही केली. गॅरंटीपोटी आमच्याकडे ठेवलेली त्याची ठेव त्यात गेली.

तो भांडला नाही. "तुमी शब्द पाळला, साहेब. पुढच्या कामाले गॅरंटी देसान ना?"

गॅरंटीशिवाय त्याला काम मिळत नाही, आणि आता बँकेतले वरचे लोक त्याला गॅरंटी देणार नव्हते.

"चहा घ्या, भाऊ," मी म्हणालो.