चिंधीवर पेटणारी चूल

धुळ्याहून सुरतेत आलेल्या चंपाबाईंच्या नवागामच्या खोलीत गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, असा त्यांचा हेका. चूल पेटवायला मिलमधून साडीच्या चिंध्या फुकट मिळत. त्या भसकन पेटत आणि काळा धूर खोलीभर कोंडून राही.

पाच वर्षांच्या नातीला धाप लागू लागली. घरातला धूर बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"आत्याबाई, भाकरी गॅसवरही फुगते," सून वृषाली म्हणाली.

"फुगते, तुझ्या गालांसारखी. चव कुठंय?"

तेवढ्यात नात खोकत खोकत दाराशी जाऊन बसली. चंपाबाईंनी हातातला उंडा परातीत ठेवला आणि पेटत्या चुलीवर पाण्याचा तांब्या उपडा केला.

आता भाकरीपुरत्या त्या तीन जिने चढून गच्चीवर जातात, काटक्यांवर चूल पेटवतात. नातीला तेवढा वेळ वर यायची बंदी आहे.